दुखतंय कुठे, आणि राहता कुठे?

दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास असतो. आपण आलो औषधासाठी; मग डॉक्टर काम काय करता, घरात किती माणसं, आई-वडिलांना कधी असं झालं होतं का, हे सगळं कशाला विचारतात? नळी लावावी, रक्त काढावं, गोळ्या लिहून द्याव्यात. शहरात हाच प्रश्न जरा वेगळ्या थाटात ऐकू येतो: आता इतकी यंत्रं आली, घरबसल्या सगळ्या तपासण्या होतात, मग विचारपूस हवी कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे, की विचारपूस ही तपासणीच्या आधीची औपचारिकता असते. मला या प्रकरणात याच्या उलट बाजू मांडायची आहे. विचारपूस, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीत 'हिस्ट्री', ही स्वतःच एक तपासणी आहे आणि बहुतेक वेळा सगळ्यांत मोठी आहे. ती दुखऱ्या अवयवापुरती ठेवली तर मात्र अर्धीच होते. माणूस निजतो कुठे, कामाला जातो कुठे, त्याला स्वतःला आजाराचं कारण काय वाटतं, हे कळलं की ती पुरी होते.

उदाहरणं मी पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतली घेतली आहेत. इथे किनाऱ्याला मच्छीमारांची वस्ती आहे, घोलवड-बोर्डीच्या बाजूला चिकूच्या वाड्या आहेत, पूर्वेला वारली, कोकणा, धोडिया, काथोडी पाडे विखुरलेले आहेत, आणि उत्तरेला लगेच गुजरातची हद्द लागते. पंचवीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात जगण्याच्या इतक्या तऱ्हा असल्या, की 'ताप आलाय' या दोनच शब्दांचा अर्थ माणसागणिक बदलतो.

1. आधी विचारणं, मग बाकीचं

1975 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेले 80 रुग्ण त्यांनी घेतले. डॉक्टरने आधी रुग्णाची चिठ्ठी वाचायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, प्रश्न विचारायचे आणि आजार कोणता वाटतो ते कागदावर लिहून ठेवायचं. मग अंग तपासून पुन्हा लिहायचं. शेवटी रक्त, एक्स-रे वगैरे झाल्यावर तिसऱ्यांदा लिहायचं. पुढे दोनेक महिन्यांनी जे निदान पक्कं ठरलं ते पहिल्या कागदाशी किती वेळा जुळलं? 80 पैकी 66 वेळा. अंग तपासल्यामुळे मत बदललं ते 7 रुग्णांत, आणि प्रयोगशाळेच्या तपासण्यांनी बदललं ते आणखी 7 रुग्णांत. 1992 मध्ये अमेरिकेत अशाच 80 रुग्णांचा अभ्यास झाला. तिथेही शंभरातल्या पंचाहत्तरच्या आसपास निदानं नुसत्या हिस्ट्रीवर जुळली. हे आकडे इस्पितळात येणाऱ्या रुग्णांचे आहेत, आणि डॉक्टर-रुग्ण एकच भाषा बोलणाऱ्या देशांतले आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. डहाणू किंवा तलासरीच्या ओपीडीत नेमका हाच आकडा येईल असं कुणी म्हणू नये. पण दोन अभ्यास, सतरा वर्षांचं अंतर, मधल्या काळात यंत्रांची एवढी वाढ, आणि तरी दिशा तीच, याला वजन आहे.

विचारपुशीत एवढी ताकद येते कुठून? तिच्यात काळ असतो. एक्स-रे आजचं चित्र दाखवतो, रक्ताचा अहवाल सुई टोचली त्या क्षणाचा असतो. ताप आधी आला की खोकला, ताप रोज येतो की दिवसाआड, वजन दिवाळीपासून उतरतंय की होळीपासून, हे कुठल्याच कागदावर उमटत नाही. ते फक्त माणसाला ठाऊक असतं. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही याची जाण होती. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त रुग्ण पाहण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत, पाहणं, स्पर्श करणं आणि विचारणं. विचारणं तिथे बाकी दोघांच्या बरोबरीने बसलेलं आहे.

2. चाचणीलासुद्धा प्रश्न लागतो

'विचारण्यात वेळ घालवण्यापेक्षा सरळ सगळ्यांची चाचणी करा' हा आक्षेप इथेच येतो, आणि तो वरवर बिनतोड वाटतो. त्याचं उत्तर थोड्या हिशोबात आहे. हिशोबातले आकडे समजण्यापुरते, कल्पनेतले घेऊ. समजा एका आजाराची चाचणी आहे. खरोखर आजारी असलेल्या 100 पैकी 90 जणांना ती बरोबर पकडते, आणि धडधाकट 100 जणांपैकी 10 जणांना उगाच 'आजारी' ठरवते. चाचणी म्हणून हे वाईट नाही. आता कोणालाही काहीही न विचारता 1000 जणांची चाचणी केली, आणि त्यांच्यात तो आजार शंभरात एकालाच आहे असं धरू. म्हणजे खरे आजारी 10. त्यांतले 9 सापडतील. धडधाकट 990, त्यांतले 99 उगाच सापडतील. एकूण 108 जणांच्या हातात 'आजार आहे' असा कागद येईल, आणि त्यांतला खरा कागद बारांत एकाचाच असेल. उरलेले अकरा जण विनाकारण औषधं घेतील, कर्ज काढतील, रात्र रात्र जागतील.

तीच चाचणी, पण आधी विचारपूस केली. ताप कसा येतो, काम कुठे, घरात आणखी कुणाला, असं विचारून ज्यांच्यावर संशय घ्यावा असे 1000 जण वेगळे काढले. अशा निवडक लोकांत शंभरात तिसांना आजार आहे असं समजू. खरे आजारी 300, त्यांतले 270 सापडले. धडधाकट 700, त्यांतले 70 उगाच सापडले. आता 340 कागदांपैकी 270 खरे, म्हणजे पाचांत जवळजवळ चार. चाचणी बदलली नाही, यंत्र बदललं नाही, तरी कागदाची किंमत बदलली. तांदूळ आधी सुपात पाखडून घेतला की चाळणीचं काम नेमकं होतं. कोंडा-खडे-दाणे एकत्र ओतले तर चांगली चाळणीही तुंबते. विचारपूस हे ते पाखडणं आहे. म्हणून यंत्रं वाढली तशी विचारपुशीची गरज वाढली आहे, असं माझं मत आहे. कारण चुकीच्या कागदांची संख्याही यंत्रांबरोबरच वाढते.

3. 'रात्री कुठे निजला होतात?'

आता एक प्रसंग जवळून पाहू. तो कुणा एकाचा नाही. सर्पदंशावर काम करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असलेला नमुना आहे. पावसाळ्याचे दिवस. पहाटे तीन-चारच्या सुमाराला एक तरुण पोटात कळ आली म्हणून उठतो. एकदोन उलट्या होतात. घरचे म्हणतात, रात्रीचं बाधलं असेल. उजाडल्यावर त्याला दवाखान्यात आणतात. तक्रार लिहिली जाते: पोटदुखी, उलटी. अंगावर जखम नाही, सूज नाही, ताप नाही. पित्ताचं इंजेक्शन, उलटीची गोळी, फार तर सलाईन, आणि घरी. तासाभराने त्याच्या पापण्या जड होऊ लागतात. झोप आली असेल, रात्रभर जागाच होता, असं सगळ्यांना वाटतं. मग थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा, मान धरवेना, आणि श्वास.

हा मण्यारीचा दंश असतो. मण्यार रात्री हिंडते, उंदीर-पालींच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. तिचे दात इतके बारीक, की कित्येकदा खूण सापडत नाही. नागासारखी सूज नाही, घोणसासारखी आग नाही; चावल्याचं कळतच नाही. विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं. पोटात कळ का येते याचा उलगडा सामान्य माणसाला व्हायचं कारण नाही, पण ती येते, आणि पुष्कळदा सगळ्यांत आधी येते. प्रतिविष वेळेत मिळालं आणि श्वासाला यंत्राचा आधार मिळाला तर माणूस वाचतो.

या रुग्णात पोटाच्या सोनोग्राफीने काही कळणार नाही. साध्या रक्ततपासणीत काही दिसणार नाही. उत्तराकडे नेणारी वाट एकाच प्रश्नात आहे: 'रात्री कुठे निजला होतात, खाटेवर की जमिनीवर?' पाठोपाठ दुसरा: 'निजताना बरं होतं ना? जाग कशाने आली?' निजताना ठणठणीत असलेला, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या उतरत आहेत, एवढं कळलं की डॉक्टरच्या मनात मण्यार यायलाच हवी. माझ्या म्हणण्याचा गाभा या उदाहरणात आहे. 'कुठे दुखतं' हा शरीराचा प्रश्न आणि 'कुठे निजता' हा संसाराचा, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. इथे संसाराच्या प्रश्नानेच शरीराचं कोडं सुटतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं एक ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात आहे. तिथल्या संशोधकांनी डहाणू तालुक्यातले आदिवासी आणि आरोग्य कर्मचारी सर्पदंशाकडे कसं पाहतात याचा अभ्यास केला आणि तो 2021 मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात लोकांच्या गैरसमजुती नोंदल्या आहेतच, पण उपचार करणाऱ्यांच्या माहितीतल्या उणिवाही नोंदल्या आहेत. दोष फक्त पाड्यावरच्या अडाणीपणावर ढकलून मोकळं होता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

4. काम कोणतं?

इटलीतला वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला काय काय विचारावं हे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसने सांगून ठेवलं होतं. रामाझिनीने त्यात एका प्रश्नाची भर घातली: तुमचा धंदा काय? तीनशे वर्षं झाली, तरी आपल्या केसपेपरवर या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'मजुरी' एवढंच असतं. 'मजुरी' या उत्तराने काहीच सांगितलेलं नसतं. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभी असलेली बाई आणि वीटभट्टीवर माती तुडवणारी बाई दोघी मजूरच. पहिलीच्या पायाला भेगा आहेत, चिखलात उंदरांचं आणि गुरांचं मूत मिसळलेलं आहे; तिला ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या आणि डोळे लाल झाले, तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार आधी करावा लागतो आणि औषध अहवालाची वाट न पाहता सुरू करावं लागतं. दुसरीची कंबर गेली असेल, तर त्यात आठ महिन्यांच्या भट्टीच्या कामाचा वाटा असतो, आणि तिथे लहान मूल धुराजवळ वाढत असतं. डहाणूत फुगे बनवणारे कारखाने आहेत. रबराचा चीक टिकावा म्हणून त्यात अमोनिया घालतात, त्याचा वास घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. तिथल्या कामगाराचा कोरडा खोकला सुट्टीच्या दिवशी कमी होतो का, हे विचारायला पाच सेकंद लागतात. वापी, सरिगाम, उमरगावच्या औद्योगिक वसाहतींत रोज जा-ये करणारे तर कितीतरी आहेत. म्हणून 'काम काय' यापुढे आणखी दोन प्रश्न लागतात: हातात काय घेऊन करता, आणि वर्षातले कोणते महिने?

5. घरात आणखी कुणाला?

काही आजार रक्तातून चालत येतात, आणि ते शोधायचे तर एकट्या रुग्णाकडे पाहून भागत नाही. सिकलसेल हा त्यातला या भागात महत्त्वाचा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या कोयत्याच्या पात्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. भारतात हा आजार प्रथम 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदला गेला. पुढे महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी समाजांत आढळला. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. वारंवार सांधे दुखतात म्हणून एखाद्या मुलाला वर्षानुवर्षं संधिवाताची औषधं दिली जातात. 'याची भावंडं किती? त्यांतलं कुणी लहानपणी गेलं का? कुणाला रक्त चढवावं लागलं?' एवढं विचारलं तर वाट दिसते.

या हिशोबात एक गफलत फार होते, ती दूर करू. आई आणि वडील दोघेही नुसते वाहक असतील, म्हणजे दोघांना त्रास नाही पण दोघांकडे दोष आहे, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारांत एक असते, वाहक होण्याची चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. पुष्कळ जण याचा अर्थ असा लावतात, की एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तिघं सुटली. तसं नाही. दर खेपेला हिशोब नव्याने सुरू होतो. म्हणून 'घरात आणखी कुणाला?' या प्रश्नाचं उत्तर मागच्या पिढीबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच जन्माला यायच्या मुलाबद्दलही सांगतं.

दुसरं उदाहरण हिवतापाच्या गोळ्यांचं. हिवतापाच्या एका प्रकारात तो उलटू नये म्हणून प्रायमाक्वीन 14 दिवस देतात. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर जन्मतः कमी असतं. एरवी त्यांना काहीच जाणवत नाही. पण ही गोळी पोटात गेली की पेशी फुटू लागतात, लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात. ही उणीव कित्येक आदिवासी समाजांत आढळते आणि पारशी समाजातही आढळते. डहाणूच्या वाडीचा पारशी मालक आणि वाडीतला आदिवासी मजूर, दोघांनाही हा प्रश्न सारखाच लागू: 'मागे कधी तापाच्या गोळ्यांनंतर लघवी काळपट झाली होती का?' हा दोष आईकडून मुलाकडे येतो. त्यामुळे काकांची चौकशी करून उपयोग नाही. विचारायचं ते मामाबद्दल.

6. जे कुणी विचारलं नाही

1989 साली राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये मांडला. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोग होता. यापूर्वी कधी तरी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त शंभरात 8. या आकड्यांतली खरी बातमी मधल्या फरकात आहे. या बाया ताप-खोकल्याला दवाखान्यात जातच असतील. कंबर दुखते, अशक्तपणा आहे, असं सांगतही असतील. पांढरं जातं का, पाळीत किती दिवस जातात, हे त्यांना विचारलं गेलं नव्हतं, किंवा अशा ठिकाणी विचारलं गेलं होतं जिथे मागे रांग उभी आहे आणि शेजारी सासू बसली आहे. गर्दीत विचारलेला असा प्रश्न हा न विचारल्यासारखाच. दुभाष्याचंही तसंच. वारली बोलणारी म्हातारी आणि लातूर-नागपूरकडून आलेला तरुण डॉक्टर यांच्यामध्ये गावातली आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, उभी असते, आणि घाईत म्हातारीच्या वतीने तीच उत्तर देऊन टाकते. भल्या मनानेच देते. पण हिस्ट्री मग आशाताईची होते.

मनोविकारशास्त्र आणि मानववंशशास्त्र दोन्ही शिकलेले अमेरिकन डॉक्टर आर्थर क्लाइनमन यांनी 1970-80च्या दशकांत डॉक्टरांसाठी काही प्रश्न सुचवले. त्यांचं सार असं: तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं? आत्ताच का झालं? तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? डहाणू-तलासरीत या प्रश्नांना टाळता येत नाही, कारण इथला रुग्ण पुष्कळदा आधी भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूकडे, जाऊन आलेला असतो. 'भगताकडे गेला होतात का?' हे दरडावून विचारलं तर उत्तर 'नाही' येतं आणि पोटात कुठली मुळी गेली आहे ते कधीच कळत नाही. 'आधी कुणाला दाखवलं? त्यांनी काय दिलं?' असं विचारलं तर सगळं बाहेर येतं. दारूचंही तेच. 'दारू पिता?' याचं उत्तर मान हलवून मिळतं. 'आठवड्यातून किती दिवस होते, ताडी की दारू?' याचं उत्तर आकड्यात मिळतं. रुग्ण खोटं बोलतात हा डॉक्टरांचा आक्षेप निराधार नाही. पण माणूस बहुतेक वेळा शरमेपोटी किंवा भीतीपोटी लपवतो, आणि ती शरम वाढवायची की कमी करायची हे विचारणाऱ्याच्या हातात असतं.

गावावर काय ओढवलं, हाही असाच न विचारला जाणारा प्रश्न. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले. 1 फेब्रुवारी 2019 ला चार रिश्टरच्या वरचा धक्का बसला. थंडीत माणसं घराबाहेर, तंबूंत निजली. अशा गावातून आलेली बाई छातीत धडधडतं, झोप लागत नाही म्हणाली, तर तिचा ईसीजी काढायला हवाच. पण 'रात्री घरात निजता की बाहेर?' हे विचारल्याशिवाय तो ईसीजी वाचणं अपुरं आहे. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी 1977 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं, की आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी एकत्र पाहावं. ती मांडणी पाठ्यपुस्तकांत आली. ओपीडीत तिची वाट अजून अडते.

7. 'एवढा वेळ कुठे आहे?'

सगळ्यांत जोरकस आक्षेप हाच, आणि तो करणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांच्यापुढची रांग खरी आहे. 2017 मध्ये 67 देशांतल्या आकडेवारीचा एक आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं देतात, बांगलादेशात 48 सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपासचा आहे. पण याच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवू. 1984 मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी 74 भेटी ध्वनिमुद्रित करून ऐकल्या. रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी 18व्या सेकंदाला त्याला तोडत होते. उलट 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला डॉक्टरांना सांगितलं गेलं, की रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. 335 रुग्णांचं सरासरी बोलणं 92 सेकंदांत आटोपलं, आणि शंभरातल्या 78 जणांचं दोन मिनिटांच्या आत. बोलू दिलं तर रुग्ण तासभर बोलेल ही भीती आकड्यांत टिकत नाही.

तरीही दोन मिनिटांतली दीड मिनिटं ऐकण्यात गेली तर उरतं काय, हा प्रश्न शिल्लक आहेच, आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल. माझं उत्तर असं आहे: हिस्ट्री एका बैठकीत, एकट्या डॉक्टरनेच घ्यायची, हा आग्रह सोडावा. घरात कोण, काम काय, कुठल्या महिन्यांत गाव सोडतात, हे आशाताईला आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला बहुधा ठाऊकच असतं. ते केसपेपरवर एकदा नीट उतरलं आणि तो कागद दर खेपेला नवा न फाडता जुनाच पुढे चालला, तर डॉक्टरला दोन मिनिटांत फक्त आजचं विचारायचं उरतं. आज ही माहिती माणसांच्या डोक्यात आहे आणि कागद कोरा आहे.

शेवटचा आक्षेप थोडा खोल आहे. सगळं विचारलं, कळलं की माणूस गरीब आहे, भट्टीवर जातो, दोनदाच जेवतो. डॉक्टर त्यात काय करणार? गरिबी दूर करणं त्याच्या हातात नाही, हे खरं. पण औषध लिहिणं तर आहे. जो दिवसातून दोनदा जेवतो त्याला 'तीन वेळा, जेवणानंतर' असं लिहिलेली चिठ्ठी अर्धीच पाळली जाणार. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडणं आणि अतिश्रम वेदनेकडे ढकलतात. तो भट्टीवर जाणार असेल तर पाण्याबद्दलची सूचना गोळीइतकीच मोलाची, आणि ती ठेकेदारालाही सांगावी लागते. लावणीच्या दिवसांत 'पंधरा दिवस विश्रांती' हा सल्ला रोजंदारीवरच्या बाईला दिला, तर तो सल्ला तिच्यासाठी नव्हताच.

क्षयाच्या रुग्णात हे सगळ्यांत उघड दिसतं. डहाणू-तलासरीतले कितीतरी पुरुष खलाशी म्हणून गुजरातच्या वेरावळ, पोरबंदर, ओखा या बंदरांतल्या बोटींवर जातात. ऑगस्टमध्ये मासेमारीचा हंगाम सुरू होताना निघतात, मेच्या अखेरीला परततात. बोट एकदा समुद्रात गेली की कित्येक दिवस किनारा दिसत नाही. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. जून-जुलैत निदान झालेल्या खलाशाला 'बोटीवर कधी जाणार?' हे विचारलं नाही, तर दोन महिन्यांनी त्याचं नाव 'उपचार सोडला' या रकान्यात जातं, आणि अर्धवट औषधांनी जंतू चिवट होतात. विचारलं, तर करण्यासारखं पुष्कळ आहे. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या 'निक्षय' या सरकारी संगणक प्रणालीत रुग्णाचा क्रमांक देशभर एकच असतो, आणि त्याचा उपचार दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडे वर्ग करता येतो. तलासरीतून निघण्याआधी वेरावळच्या केंद्राला कळवता येतं, समुद्रातल्या दिवसांच्या गोळ्या मोजून सोबत देता येतात, तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विश्वासात घ्यायचं का हे खलाशालाच विचारून ठरवता येतं, आणि घरी कुणाचा फोन लागतो तो केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवता येतो.